एका दिवसात तीन राज्यं? आधी आलापल्ली-सिरोंचा करून या, मग बोला

एका व्हिडिओत पाहिलं होतं. सकाळी चंद्रपूरहून निघा, दुपारी सिरोंच्यात जेवा, मग तेलंगणा, अंधार पडायच्या आत छत्तीसगड. मला आणि मावसभावाला पटलं, कारण नकाशात गडचिरोली जिल्ह्यातलं आलापल्ली ते सिरोंचा जेमतेम शंभर किलोमीटर. त्या शंभर किलोमीटरला आम्हाला साडेपाच तास लागले. व्हिडिओवाला एक तर उडत गेला असेल, नाही तर गेलाच नसेल.

वरोऱ्याहून पहाटे एसटीनं निघालो. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. आष्टीच्या पुढे सुरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग आणि लाल धूळ. दुपट्टा नाकातोंडाला बांधा. भाऊ पांढरा शर्ट घालून आला होता, आलापल्लीत उतरला तेव्हा शर्ट विटकरी. दुपारचा एक वाजला होता. इथंच मुक्काम करायला पाहिजे होता. नाही केला.

पुढचा तो रस्ता! म्हणायला राष्ट्रीय महामार्ग, 353सी. रेपनपल्लीपर्यंत आमच्या गप्पा चालू होत्या. तिथून जिमलगट्ट्यापर्यंत तोंड उघडलं नाही, जीभ चावली जाते. कुठं नुसती गिट्टी अंथरून ठेवलेली, कुठं पूल अर्धवट आणि गाडी बाजूच्या चिखलातून. डांबर दिसलं की लोक सरसावून बसत, तेवढ्यात ते संपे. आम्ही दोघं मागच्या बाकावर, गचक्यागणिक बूड वीतभर वर. शेजारचे आजोबा मात्र पुढच्या बाकाला कपाळ टेकून निवांत घोरत होते. कंडक्टर हसला, "नवीन दिसून राहिले, भाऊ. समोर येऊन बसा, मागं पाठ मोडते." हे त्यानं अर्धा रस्ता संपल्यावर सांगितलं.

तर दोन्ही चाकांच्या मधली सीट पकडा, त्यासाठी एक गाडी सोडावी लागली तरी सोडा. सॅक मांडीवर घ्या, पोटाला आधार होतो. भरपेट जेवून चढू नका. मधे नेटवर्क जातं, म्हणून सुटे पैसे रोख ठेवा, आणि ओळखपत्र वरच्या खिशात, तपासणी होऊ शकते. पावसाळ्यात जाऊच नका. हौस असेल तरी नाही.

सिरोंच्यात दुसरा फटका. गोदावरीवरच्या पुलापलीकडे तेलंगणातलं कालेश्वर. ऑटोवाल्यानं सहाशे सांगितले, चारशेत नेलं. अंग इतकं ठणकत होतं की घासाघीस करायचं त्राण नव्हतं, आणि त्याला ते दिसत होतं. परतताना शेअर ऑटोत माणशी चाळीस! स्टँडसमोर सॅक घेऊन भांबावल्यासारखे उभे राहू नका, शेअर कुठं भरतो ते दुकानात विचारा. तेलुगूत "एन्ता?" (किती?) एवढं विचारता आलं तरी भाव उतरतो. कालेश्वरला एकाच शाळुंकेत दोन पिंडी आहेत, जवळच प्राणहिता-गोदावरीचा संगम. छान आहे. तिसऱ्या दिवशी पातागुडमला इंद्रावतीच्या पुलावरून छत्तीसगडात पाय लावून आलो. तीन राज्यं झाली, तीन दिवसांत.

शेवटच्या जेवणाला खानावळवाल्याला परतीच्या गाडीची वेळ विचारली.

"आलापल्लीनं कायले जाता? मंचेरियालनं जा ना. आमी सारे तसेच जातो."

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी वरणात पाहिलं.

प्राणहितेचा पूल ओलांडून चेन्नूर, तिथून मंचेरियाल, मग रेल्वेनं बल्लारशा. नुसतं येतानाच नाही, जातानाही हाच रस्ता धरा. महाराष्ट्रातल्याच तालुक्याला तेलंगणातून जायचं म्हणजे विचित्र वाटतं, पण पाठ तुमची आहे. सोबत बाया असतील तर सांगून ठेवा, एसटीचं अर्धं तिकीट महाराष्ट्रापुरतंच. मंचेरियालहून आम्ही जनरलच्या डब्यात दाराजवळ उभे राहून आलो, दोन-अडीच तास, आणि अख्ख्या फिरण्यात तेवढाच प्रवास आरामाचा झाला.