बाधा आणि अवसर

गेल्या पावसाळ्यात मालवणजवळच्या आमच्या घरी, वीज असेल तेवढ्या वेळात, मी 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' हा २००९ सालचा गेम पुन्हा खेळायला घेतला. पहिल्या वेळी माझे सगळे लक्ष लढायांवर होते. या वेळी ते थेडास नावाच्या त्या जगातील जादूगारांना होणाऱ्या बाधेवर खिळले.

थेडासमध्ये झोपलेल्या माणसाचे मन 'फेड' या आत्म्यांच्या प्रदेशात जाते. इतरांना ते केवळ स्वप्न वाटते, पण जादूगार तिथे भानावर राहून वावरू शकतो आणि त्यामुळेच तिथल्या पिशाच्चांच्या नजरेत भरतो. क्रोध, भूक, आळस, वासना आणि गर्व अशी ही पिशाच्चे असून त्यांत गर्वाचे सर्वांत प्रबळ असते. (यांतील आळसाचा समावेश आपल्या षड्रिपूंत नाही. कोकणी माणसाला त्याचे कारण विचारू नये.)

बाधेची भीती इतकी, की जादूगारांना 'सर्कल' या त्यांच्या संस्थेच्या मनोऱ्यात, टेम्प्लर नावाच्या सैनिकांच्या पहाऱ्यात ठेवतात. शिकाऊ जादूगाराला एके रात्री पूर्वसूचना न देता फेडमध्ये पाठवून पिशाच्चासमोर उभे करतात. परत यायला उशीर झाला, तर बाधा झाली असे समजून शेजारी उभे असलेले टेम्प्लर त्याला ठार करतात. या परीक्षेत 'माउस' नावाचा एक गरीब बिचारा सोबती भेटतो, वाट दाखवतो, आणि शेवटी फक्त एवढेच मागतो की मला तुझ्यात जागा दे. हाच गर्वाचा पिशाच्च. जे जादूगार परीक्षा देण्याच्या लायकीचे मानले जात नाहीत, त्यांचा फेडशी संबंधच तोडून टाकतात. मग जादू जाते, स्वप्ने जातात आणि रागलोभही जातात.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो कॉनर. सरदाराच्या या लहान मुलात जादू आहे हे कळल्यावर, सर्कलवाले त्याला घेऊन जातील या धास्तीने आई ते लपवते आणि गुपचूप एक पळपुटा जादूगार शिकवणीला ठेवते. तोच सरदारावर विषप्रयोग करतो, आणि बाप वाचावा म्हणून पोर वासनेच्या पिशाच्चाशी सौदा करून बसते. मग रोज रात्री किल्ल्यातून मढी उठून गावावर चालून येतात.

आमच्याकडे या प्रकाराला दोन वेगळे शब्द आहेत. झपाटले, बाधा झाली, हे एक. आणि अवसर आला, म्हणजे देव अंगात आला, हे दुसरे. लहानपणी देवळात आमच्या एका काकांना अवसर येत असे. ढोल वाजू लागला की त्यांचे खांदे थरथरू लागत. गावकार गाऱ्हाणे घाली, मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणत, प्रश्नोत्तरे होत आणि मग अवसर उतरे. त्यानंतर काका तांब्याभर पाणी पीत आणि आपला चष्मा कोणाकडे दिला होता, याची चौकशी करीत. त्यांच्या अंगात खरोखर कोण येत होते, या वादात मी पडत नाही. येण्याला वेळ होती, जाण्याला रीत होती आणि भोवती माणसे होती, एवढे मात्र मी पाहिले आहे. बाधा उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण हा वेगळा विषय, आणि त्यासाठी २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे बरेच झाले.

सर्कलच्या दृष्टीने मात्र अंगात शिरलेला प्रत्येक आत्मा ही बाधाच. त्याच थेडासच्या डोंगरांत राहणारे अव्वार लोक तसे मानत नाहीत, हे मला बऱ्याच नंतर, २०१५ च्या 'जॉज ऑफ हॅकॉन' या भागात कळले: त्यांच्यात जादूगार मुलाच्या अंगात आत्म्याला मुद्दाम येऊ देतात, तो त्याला विद्या शिकवतो आणि शिकवून झाल्यावर त्याला विधिपूर्वक निरोप देतात. ते वाचताना मला काकांचा चष्मा आठवला. मनोऱ्यातल्या त्या परीक्षेत धोका पिशाच्चाचा असतोच, पण शिकाऊ जादूगाराला एकटे पाडून आणि अंधारात ठेवून तो किती वाढवला आहे, हे टेम्प्लरांना कधी सुचत नाही.

कॉनरला मारून टाकण्याचा किंवा त्याच्या आईचा बळी देण्याचा पर्याय गेममध्ये आहे. या वेळी मी लांबची वाट धरून सर्कलच्या जादूगारांना मदतीला आणायला निघालो, आणि मनोरा दिसू लागला तोच वीज गेली.