आत्याचा उन्हाळा

१३ जून २०२६, शनिवार

परवा सोमवारी अधिक महिना संपतोय. आज फोनवर आत्यानं चैत्रापासूनचं सगळं सविस्तर सांगितलं, ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

तिचं गाव फलटणजवळ. पाडवा झाला की तिला शिखर शिंगणापूरचे वेध लागतात. अष्टमीला महादेव-पार्वतीचं लग्न, आणि द्वादशीला मुंगी घाटातून कावडी वर चढतात. सासवडहून तेल्या भुत्याची कावड येते. घाटाची चढण इतकी उभी की माणसं साखळी करून, एकमेकांना हात देत कावड वर घेतात. आत्या ७८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात. मुलगा म्हणत होता, गाडीतूनच हात जोड. ती दुपारपासून माथ्यावर डोक्यावर पदर घेऊन बसून राहिली. कावड वर आली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरून "हर हर महादेव" ओरडली, आणि गर्दी ओसरल्यावर चौकशी केली तर त्या बाईचं माहेर आमच्या काकूंच्या गावातलं निघालं. आत्याला अशी माणसं सापडतातच.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, हे झालंच. गावच्या जत्रेला माहेरवाशिणी आल्या, रात्री छबिना निघाला. कुस्त्या ती बघत नाही, पण कोणाच्या नातवानं कोणाला चितपट केलं ते तिला सगळं ठाऊक असतं.

खरा उन्हाळा मात्र अधिक ज्येष्ठाचा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून साधारण ३३ महिन्यांनी एक महिना वाढवायचा. आत्याला हा हिशेब लेकीच्या संसारावरून पाठ आहे. २००७ साली ज्येष्ठच अधिक होता, तेव्हा जावई नवा होता. २०१८ला पुन्हा ज्येष्ठ, तेव्हा नातू रांगत होता. २०२०चा अधिक आश्विन करोनात गेला, कोणालाच येता आलं नाही. ते तिला अजून सलतं. २०२३ला अधिक श्रावण, पण शाळा चालू, म्हणून सकाळी आले नि संध्याकाळी गेले. यंदा मे महिन्यात आला, सुट्टीत! लेक-जावई, नातू सगळे राहायला आले.

धोंड्याचं, म्हणजे अधिक महिन्यात जावयाला द्यायचं वाण म्हणजे ३३ अनारसे, आणि ते विकत आणायचे नाहीत हा तिचा नियम. तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, सावलीत पंचावर पसरले. किंचित ओलसर असतानाच कुटून, चाळून गुळात मळले. पीठ मुरल्यावर नातवाला शेजारी बसवून तिनं खसखशीवर पहिला अनारसा थापला. तो खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला, उलटला नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहिली. जाळी पडली तशी म्हणाली, "बघ, जमला." नातवानं पुढचे सगळे स्वतः थापले. काही वेडेवाकडे झाले. तेही तिनं तबकात ठेवले, दिवा लावला आणि जावयाला ओवाळून वाण दिलं.

घरात सगळ्यांचं एकच, "आई, आता दगदग कमी कर." प्रेमापोटीच म्हणतात, पण मला ते पटत नाही. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिला कोणी काही करू दिलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसायची आणि कोण आलं, कोण गेलं याची दखलही घ्यायची नाही. हल्ली पाय सुजतात, ती रात्री लवकर झोपते, हे सगळं खरं. पण सकाळी उठून कोणाकडे जायचं आणि कोण येणार हे तिला ठाऊक असतं. तिला घाटावर न्यायचं असेल तर सोबत स्टूल न्यावं, पाण्याची बाटली न्यावी. जाऊ नको म्हणू नये. हे मी दादाला उद्या स्पष्ट सांगणार आहे.

अधिक महिन्यामुळे यंदा वारीही लांबलीय, आषाढी २५ जुलैला. माउलींची पालखी फलटणला येईल तेव्हा वारकऱ्यांसाठी भाकरी थापायच्या म्हणून आत्यानं ज्वारी निवडायला घेतलीय. "पोरी, तू ये गं, परातीला हात कमी पडतात," म्हणाली. मी रजेचा अर्ज आजच टाकला.