रसवंतीचे घुंगरू

आज संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला गेलो ते खिशात पीओ-३३ घेऊनच. कॅल्क्युलेटरएवढा सॅम्पलर, म्हणजे आवाज टिपून त्यांचा ठेका बनवणारं यंत्र, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो, मेमरी जेमतेम ४० सेकंदांची. आधी कौपिनेश्वराच्या देवळातली घंटा टिपली, पण मध्येच रिक्षांचे हॉर्न घुसले. मग रसवंतीपाशी थांबलो. चरकाला बांधलेले घुंगरू, छन्‌ छन्‌ छन्‌... नेमका हाय-हॅट, ड्रमसेटमधली झांज! ऊस चेपला जातानाची करकर स्नेअर ड्रमच्या जागी बसवली. यातल्या ठेक्याच्या पॅटर्नला १६ स्टेप्स, म्हणजे तीनतालाच्या १६ मात्राच की! रसवंतीवाल्या काकांच्या कानाला हेडफोन लावला. दोन आवर्तनं ऐकून त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "अरे, हा तर आमचाच चरक!" किती छान वाटलं! घंटेसाठी उद्या पहाटे, रस्ता जागा व्हायच्या आत, परत जाणार आहे.