शहर पोचायच्या आधी रस्ता आखा

मोजणीच्या कामात मला बावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका बोळात टेप लावली, रुंदी भरली साडेसहा फूट. पिण्याच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा नळ एकाच चरात, कारण दुसरा चर खणायला जागाच नाही. आता तिथं बारा मीटरचा रस्ता करायचाय. टेपचं दुसरं टोक धरून एक बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, खूण कुठवर येणार?" मी दाखवलं. खूण त्यांच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पडत होती.

हीच जमीन मी पंधरा वर्षांपूर्वी मोजली होती. तेव्हा ती मोकळं शेत होती. तुकडे पाडणाऱ्यानं हातगाडी जाईल एवढी वाट सोडली आणि बाकी सगळं विकलं. त्या वेळी रस्त्याला जागा काढायची तर फक्त नकाशावर रेघ ओढायची होती. आज त्याच रेघेसाठी घरं पाडायची, मोबदला द्यायचा, कोर्टात उभं राहायचं. झपाट्यानं वाढणाऱ्या गरीब देशातल्या शहराला हा उशीर सगळ्यात महाग पडतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता राग येतो.

"पैसा नव्हता" हे कारण मला पटत नाही. दक्षिण कोरियातल्या सोल शहराची वस्ती १९६० साली सुमारे २४ लाख होती, १९८० साली ती ८३ लाखांच्या वर गेली. कोरिया तेव्हा श्रीमंत नव्हता. तिथं कडेच्या जमिनी एकत्र करून नव्यानं आखल्या. प्रत्येक मालकानं जमिनीचा काही हिस्सा सोडला. त्यातून रस्ते, शाळा, बागा निघाल्या आणि राखून ठेवलेले काही भूखंड विकून कामाचा खर्च भागवला. मालकाच्या हाती जमीन कमी आली, पण रस्त्याला लागून आली, त्यामुळे तिचं मोल वाढलं. शेताला शहराचा भाव येतो तो मालकाच्या कष्टानं नाही, रस्ता, पाणी आणि आजूबाजूला आलेल्या माणसांमुळे. त्यातला वाटा रस्त्यासाठी मागण्यात काय चूक आहे?

न्यूयॉर्कनं तर १८११ सालीच मॅनहॅटन बेटावर १५५व्या रस्त्यापर्यंत रस्त्यांचं जाळं आखून ठेवलं. तेव्हा शहरात जेमतेम लाखभर माणसं होती आणि बहुतेक सगळी बेटाच्या दक्षिण टोकाला.

यात एक दुखणं आहे, ते लपवणार नाही. वाढलेलं मोल मालकाला मिळतं. भाडेकरूच्या वाट्याला वाढलेलं भाडं येतं, आणि अनेकदा घर सोडणं. सोललाही ते टळलं नाही. म्हणून आखणी करतानाच स्वस्त घरांसाठी भूखंड राखायला हवेत. रेघ ओढून झाल्यावर ती जागा कोणी देत नाही.

त्या बाई भाडेकरूच होत्या. मोबदल्याच्या यादीत त्यांच्या घरमालकाचं नाव आहे.