जादूची वाटणी

'विझर्ड्स ऑफ वेव्हर्ली प्लेस' ही डिस्ने चॅनलची सिरीयल म्हणजे नावाला जादूची, आतून पक्की वाटणीची. छडी, मंत्र, उडतं कार्पेट वगैरे सगळं वरवरचं. मुळात तीन भावंडं, वारसा एकच, आणि तो तिघांत वाटून मिळणार नाहीये, एवढीच गोष्ट आहे. मोठ्यांसाठी असती तर याच विषयावर रडारड, कोर्टकचेरी, मृत्यूपत्र आणि कपाटातले गुप्त कागद असं सगळं झालं असतं. पण ही बनवलीये दहा ते चौदा वर्षांच्या पोरांसाठी, म्हणजे धड लहान नाही आणि धड मोठं नाही अशा वयासाठी, त्यामुळे भांडण आहे ते रिमोटसाठी होतं तसंच, दर दोन मिनिटांनी मागून हशा.

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये रुसो लोकांचं सँडविचचं दुकान आहे, वरती घर. जस्टिन, अ‍ॅलेक्स आणि मॅक्स ही तीन मुलं, तिघांनाही जादू येते, पण नियम असा की पुढे एक स्पर्धा होणार आणि जो जिंकेल त्याच्याकडेच जादू राहणार, बाकीच्या दोघांची जाणार. कायमची. आता असा नियम कोण करतं आणि त्याला कुणी जाब कसा विचारत नाही हे मला कळत नाही, पण सिरीयलमधली पोरं तो हवापाण्यासारखा मान्य करून टाकतात, त्या वयात बरेचसे नियम आपण तसेच मान्य करतो म्हणा.

मला सगळ्यात आवडतो तो बाप, जेरी. हा स्वतः त्याच्या पिढीची स्पर्धा जिंकलेला माणूस. पण तो पडला थेरेसाच्या प्रेमात, थेरेसा साधी माणूस, आणि जादूगाराने साध्या माणसाशी लग्न करायचं नाही असा अजून एक नियम. मग ह्याने जादू देऊन टाकली भावाला, केल्बोला, आणि आपण सँडविच विकायला बसला. आणि हा केल्बोकाका म्हणजे काय, जबाबदारी या शब्दाशी त्याचा कधी संबंधच आलेला नाही असा माणूस! आणि गंमत बघा, पोरांना जादूचे क्लास घेतो कोण तर जेरीच, ज्याला आता चमचासुद्धा हलवता येत नाही. शिकवायचं, पोरगी आपल्यासमोरच चुकीचा मंत्र म्हणतीये हे दिसतंय, निस्तरता मात्र येत नाही, बोंबलत उभं राहायचं. माझ्या मते अर्धा विनोद त्याच्या चेहऱ्यावरच चालतो. थेरेसाकडे तर जादू कधीच नव्हती आणि तरीही त्या घरात सगळे टरकून असतात ते तिलाच, यात मला तरी काही अलौकिक वाटत नाही.

अ‍ॅलेक्स म्हणजे सेलेना गोमेझ. छडी ठेवते बुटात, अभ्यास नको, काम नको, जादू हवी ती फक्त शॉर्टकटसाठी. २००७ च्या ऑक्टोबरात आलेल्या पहिल्याच भागात तिला एका दहा मिनिटांच्या सेलला जायचंय आणि घरी क्लासला पण बसायचंय, म्हणून ही काय करते तर मंत्र म्हणून स्वतःचीच एक कॉपी बनवते. कॉपी दिसायला हुबेहूब, पण वागायला लागते कुत्र्यासारखी. आता एवढी मोठी शक्ती हातात असताना ती वापरायची कशाला तर जॅकेटसाठी, हे मला फार खरं वाटतं. त्या वयाच्या पोरांना जग वगैरे वाचवायचं नसतंच, त्यांना आजची दुपार निभावून न्यायची असते. आणि ह्या सिरीयलीत जादूने काम कधी कमी होत नाही, वाढतंच, जे दहा मिनिटांत उरकलं असतं ते निस्तरण्यात अख्खा भाग जातो.

अपवाद एक आठवतो. अ‍ॅलेक्सचा पंधरावा वाढदिवस, आईचं कूळ मेक्सिकन, तर क्विन्सेनेरा नावाचा मोठा सोहळा करायचा हे थेरेसाने डोक्यात घेतलेलं. पोरीला त्यात काडीचा रस नाही. शेवटी मायलेकींची शरीरं बदलतात, आणि तो फुगीर ड्रेस घालून पोरीच्या अंगात आईच मिरवते! लेखकांनी याचं जास्त भावुक काही केलं नाही हे बरं केलं.

जस्टिनची मात्र मला कायम दया येते. थोरला, अभ्यासू, नियमाने चालणारा, पुस्तकं पाठ, आणि बहीण काहीही न करता पुढे. अशा घरात एक जण खपतो आणि दुसऱ्याला जमून जातं. चार सीझन, शंभराच्या वर भाग हाच झगडा चालतो, आणि मग ६ जानेवारी २०१२ ला शेवटचा भाग. स्पर्धेत जस्टिन आधी पोचतो, विजेता म्हणून जाहीर पण होतो, आणि मग स्वतःच सांगतो की जिंकत होती अ‍ॅलेक्स, मी अडकलो म्हणून ती मागे आली. झालं, जादू अ‍ॅलेक्सला. जस्टिनला जादूच्या शाळेचं हेडमास्तरपद आणि त्यासोबत जादू पण, म्हणजे लेखकांनाच तो नियम शेवटी झेपला नाही, कुणाला नाराज करायचं नव्हतं. मॅक्सला मिळालं सँडविचचं दुकान. लोक याला हसतात, पण मला विचाराल तर चालू धंदा आणि ठरलेली गिऱ्हाइकं हाती आलेला वारस तोच एक.

२०२४ ला याचा पुढचा भाग म्हणून नवी सिरीयल आली, त्यात जस्टिन बायको आणि दोन मुलं घेऊन साध्या माणसासारखा राहतो, जादू सोडून. म्हणजे ज्याने लहानपण पुस्तकं घोकण्यात घालवलं तोसुद्धा शेवटी बापाच्याच वाटेने गेला. आणि अ‍ॅलेक्स? ती एक दिवस त्याच्या दारात उगवते, बिली नावाची एक वांड जादूगार पोरगी त्याच्या गळ्यात मारते, हिला तू शिकव म्हणते आणि स्वतः पसार. बाई जराही बदललेली नाही.