मांगरातली फियाट

१८ मे, आचरा

आज मांगराचं, म्हणजे आमच्या कोठाराचं, दार उघडायलाच अर्धा तास गेला, बिजागऱ्या गंजून आवळल्यात. आत काकांची फियाट. १९६९ची 'डिलाइट', कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, १०८९ सीसी. १९८० पासून जागची हललेली नाही. चारही टायर बसलेत, उंदरांनी सीट फोडून काथ्या बाहेर काढलाय.

काचेवर टॅक्सचं टोकन तसंच चिकटलेलं, त्यावर जिल्हा 'रत्नागिरी'. आमचा सिंधुदुर्ग त्यातून वेगळा झाला १ मे १९८१ला, पण गाडीला ते कुणी कळवलंच नाही! गिअर स्टीयरिंगच्या दांड्यावर. त्याची मूठ एकाच बाजूने झिजून गुळगुळीत झालीय, काकांच्या तळहाताने. मी तीच धरून बराच वेळ बसलो.

गॅरेजवाल्याला फोटो पाठवले तर लगेच फोन. "डेंटिंग-पेंटिंग मारून नवीकोरी करून देतो." नवीकोरीच हवी असती तर शोरूमला गेलो नसतो? लग्नाच्या वरातीत फुलं लावून फिरणाऱ्या चकचकीत फियाटी पाहिल्यात मी. छान दिसतात, पण त्या कुणाच्याच वाटत नाहीत. २०१५ साली पॅरिसच्या लिलावात १९६१ची एक फेरारी धुळीसकट विकली गेली, दीड कोटी युरोंच्या वर. कित्येक वर्षं जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडून होती म्हणे. आमची भंगारात किलोवर जाईल, ते सोडा.

तरी कोकणात गाडी 'तशीच ठेवणं' सोपं नाही. खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. पत्रा सडतो तो खालून, वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. डाव्या दरवाज्याखालची पट्टी मी अंगठ्याने दाबली आणि ती पापडासारखी मोडली. टप मात्र खणखणीत. भात उकडायची चूल याच मांगरात, गाडीपासून चार हातांवर. तिच्या धगीने आणि धुरानेच वरचा पत्रा वाचला असणार. काजळीचा थर आहे बोटभर, तो मी पुसणार नाही.

स्टार्टर मारायचा मोह आवरला. इंजिनचे तीन स्पार्क प्लग काढून आत थोडं ऑइल सोडलं, चौथा निघेना. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतोय, ते उपसायचंय. मग पुली हाताने फिरवून इंजिन हलतंय का बघेन. २०२१च्या नियमाने पन्नाशी ओलांडलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, फी २० हजार, अट एकच मोठी: गाडी मूळ रूपात हवी. सरकारचं आणि माझं इतकं एकमत पूर्वी कधी झाल्याचं आठवत नाही.

काकी दारात येऊन उभी राहिली. टपावर जांभळे डाग आहेत, गोल गोल, सुपाएवढे. दिवसभर उन्हात वाळवलेली आमसुलं ती संध्याकाळी आत आणून तिथेच ठेवते, इतकी वर्षं. 

"गाडी नेतलंस," ती म्हणाली, "तर मी सुपां खंय ठेवू?"