गोळी लागली नाही, तरी

‘फौजेत एवढी शिस्त, मग लढाई नसताना पोरं मरतात कशी?’ लग्नाची पंगत असो, एसटी असो की सलून, हा प्रश्न मला चुकत नाही. वीस वर्षं पायदळात काढून हवालदार म्हणून घरी आलो, म्हणजे उत्तर खिशातच असणार असं लोकांना वाटतं. मी ‘हवामान’ म्हणतो आणि विषय बदलतो. ते खोटं नाही. १९८४ पासून सियाचीनमध्ये जे गेले, त्यांत शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीनं, कोसळलेल्या बर्फानं आणि विरळ हवेनं नेलेले जास्त. पण ते अर्धंच उत्तर. तुम्ही विचारलंत म्हणून उरलेलं सांगतो.

उंचावर चढवताना फौज घाई करत नाही. ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १५ हजारांपर्यंत ४, त्याच्या वर आणखी ४. पहिले दोन दिवस तर नुसता आराम. नियम पक्का आहे. फक्त डोकं दुखतंय, दम लागतोय, हे जवानानं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं.

माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे माझ्या हाताखालच्या दहा जणांत, सोलापूरकडचा एक पोरगा होता, पळण्यात सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या टप्प्यात एका सकाळी तो बुटाच्या नाड्या बांधायला वाकला आणि मधेच थांबला. एक गाठ, मग दम. दुसरी गाठ, पुन्हा दम. रात्रभर कोरडं खोकत होता, तेही मी ऐकलं होतं. आणि मी काय म्हणालो? ‘काय रे, एमआय रूमचा रस्ता शोधतोयस का?’ एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. बुखारीच्या शेगडीभोवती बसलेले सगळे हसले. तोही हसला. ‘नाही उस्ताद, फिट आहे.’

संध्याकाळी त्याच्या मगात गुलाबी फेस होता. मला आधी वाटलं, चहात काहीतरी पडलंय. नर्सिंग असिस्टंटनं मगात एकदा पाहिलं, ‘हापो’ एवढंच म्हणाला आणि ऑक्सिजन लावला. फुप्फुसात पाणी झालं होतं. रात्रीच त्याला खाली उतरवलं. वाचला. पण मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, घसरली, आणि सगळ्यांच्या पुढे पळणारा पोरगा स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजायला बसला.

त्यानंच लपवलं, मी काय करणार, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. आणि खरंच, दहा जणांतला एक सिक झाला की त्याची पहाऱ्याची ड्यूटी दुसऱ्याच्या डोक्यावर येते. बहाणेबाज असतात, मी पाहिलेत. मलाही माझ्या उस्तादानं असंच टोमणे मारून घडवलं होतं, आणि मी काही मेलो नाही.

पुढच्या वर्षी नवे कंपनी कमांडर आले. एका फॉलिनला, सगळे रांगेत उभे असताना, ते स्वतःच म्हणाले, ‘माझं डोकं दुखतंय, आज मी वर जाणार नाही,’ आणि सगळ्यांदेखत एमआय रूमकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून नाव द्यायला, चौघे उभे. त्यातला एक तर नक्की नाटक करत होता; साहेबांनी त्यालाही पाठवलं. मला राग आला होता.

२६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत आग लागली, दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी अ‍ॅडमिरल जोशींनी नौदलप्रमुखपद सोडलं. गावात सगळे म्हणाले, याला म्हणतात जबाबदारी. असेल. सेक्शन कमांडरनं राजीनामा कुणाकडे द्यायचा असतो, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आज कुणी सिक रिपोर्ट मागितला तर मी पाठवीन. पण आधी दोन क्षण त्याच्या तोंडाकडे बघीन, खोटं बोलतोय का म्हणून. ती खोड काही गेलेली नाही.